अर्ध्या किलोची वार, चौदा पिशव्या रक्त

वारेचं वजन जेमतेम अर्धा किलो. पण तिचे आतले तंतू उलगडून पसरले, तर दहा बाय बाराची खोली झाकली जाईल! त्यातल्या केशवाहिन्या एकीला एक जोडल्या, तर मुंबईहून निघालेला धागा पुणं मागे टाकून पुढे जाईल! दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण 600 मिलिलिटर रक्त वाहतं. तासाला 36 लिटर. दिवसाला 864, म्हणजे 200 लिटरची चार पिंपं भरून वर उरलं! आणि आईच्या अंगात रक्त किती? पाच-सहा लिटर. तेच फिरून फिरून येतं.

एरवी बाळंतपणानंतर वार सुटते, गर्भाशयाची पिशवी आवळते, नळ बंद. पण आधीच्या सिझरच्या व्रणात वार रुतली असेल तर ती सुटत नाही. जबरदस्तीने ओढली, की नळ उघडाच! अशा वेळी तीन ते पाच लिटर रक्त जाऊ शकतं. रक्तदानाची पिशवी 350 मिलिलिटरची धरली, तर पाच लिटरला चौदा पिशव्या!

असं किती जणींचं होतं? आकडे अमेरिकेचे, गाडी आपली: गच्च भरलेली बारा डब्यांची लोकल, माणसं पाच हजार. 1930 ते 1950 च्या दशकांत प्रमाण 30,000 बाळंतपणांत एक. सहा लोकल पालथ्या घाला, तेव्हा एक बाई सापडणार! 1985 ते 1994 मध्ये 2,510 त एक. अर्धी लोकल! 2016 च्या अंदाजात 272 त एक. अख्खा डबाही लागत नाही!

कारण, सिझर वाढले. 2006 च्या अमेरिकी अभ्यासात, वार गर्भाशयाच्या तोंडावर असलेल्या बायकांमध्ये ती रुतण्याचा धोका पहिल्या सिझरला 3 टक्के, दुसऱ्याला 11, तिसऱ्याला 40, चौथ्याला 61. रुपयातल्या तीन पैशांवरून थेट एकसष्ट पैसे!

मग बाळाचं काय? वार रुतल्याचं आधी कळलं, तर डॉक्टर चाळिसाव्या आठवड्याची वाट बघत नाहीत, 34 ते 36 आठवड्यांतच सिझर ठरवतात. फुप्फुसं कच्ची, म्हणून बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत राहावं लागू शकतं. वार न ओढता बहुतेकदा गर्भाशयाची पिशवीच काढतात. निदान आधी झालं असेल तर रक्ताच्या पिशव्या, भूलतज्ज्ञ, मूत्रमार्गाचे सर्जन, बाळाचे डॉक्टर, सगळे टेबलाभोवती तयार असतात. म्हणून आधी सिझर झालेलं असेल, तर सोनोग्राफीच्या खोलीत विचाराच: वार कुठे आहे, व्रणावर तर नाही ना?