कार्टचे टायर रसायनात का मुरवतात?

अमेरिकेत मातीच्या लंबगोल ट्रॅकवर गो-कार्टच्या शर्यती होतात. तिथे इंजिनाइतकीच चर्चा टायरची असते. शर्यतीत टायर तापतो, नंतर थंड होतो. असे वारंवार झाले की रबर मऊ ठेवणारे तेलकट घटक कमी होतात आणि ते कडक होते. मग पकड सुटते, वळणावर कार्ट घसरते.

हा कडकपणा ड्युरोमीटरने मोजतात. त्याचे टोक रबरात जितके जास्त रुतेल, तितका आकडा कमी. आकडा खाली आणण्यासाठी काही जण दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत टायरला रसायन लावतात. ते सगळीकडे सारखे मुरावे म्हणून टायर हळूहळू फिरवत ठेवतात. थोडक्यात, रबराचे लोणचेच!

पण यातल्या काही मिश्रणांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. रंगाच्या थिनरमध्ये सापडते तेच हे टोल्युइन. त्याची वाफ श्वासातून शरीरात जाते आणि मज्जासंस्थेला अपाय करते. कार्ट चालवणाऱ्यांत शाळकरी मुलेही असतात आणि हे काम बहुधा घरच्या गॅरेजमध्येच चालते. म्हणून अनेक स्पर्धांत अशा रसायनांना बंदी आहे. तिथे तपासनीस वाफ ओळखणारे यंत्र टायरजवळ धरतात. नियम पाळणाऱ्याच्या हाती मग एवढेच उरते: टायर प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हापासून दूर, गार जागी ठेवणे. त्याने रबर मऊ होत नाही, फक्त सावकाश कडक होते.