डोकेदुखी, अर्धशिशी आणि दुकानातली गोळी



अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर प्रार्थनासभा संपली की बायका थोड्या मागे रेंगाळतात आणि दुखण्याखुपण्याचे बोलतात. गुडघे, कंबर, आणि सर्वांत जास्त डोके. कपाळाला फडके करकचून बांधलेली एखादी बहीण सभेत असतेच. काय घेतलेस विचारले की उत्तर ठरलेले, "दुकानातली गोळी." रोज? "रोजच. तिच्याबिगर काम व्हत नाय." या अंकात त्या गोळीविषयीच लिहिते आहे.

आधी हे समजून घेऊ की सगळी डोकेदुखी एक नसते. हंडे आणि मोळ्या वाहून मान आखडते, झोप पुरत नाही, मनाला घोर असतो. मग कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंनी दुखते, पण काम रेटता येते. ही ताणाची डोकेदुखी. अर्धशिशी वेगळी. तिच्यात बहुधा एका बाजूला ठणका लागतो, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सोसत नाही, नुसते वाकले तरी कळ वाढते. औषध न घेतल्यास ती 4 तासांपासून 72 तासांपर्यंत टिकते. काहींना त्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात, आणि तासाभरात ते ओसरते. पुरुषांपेक्षा बायकांत अर्धशिशी दोन-तीन पटींनी जास्त आढळते, आणि पुष्कळदा ती घराण्यात चालत येते.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात ते त्याच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवतीचे मज्जातंतू. अर्धशिशी असणाऱ्यांची ही यंत्रणा मुळातच हळवी असते, आणि उपाशी पोट, जागरण, ऊन, पाळीचे दिवस, चुलीचा धूर यांनी ती चेतते. आवणीच्या दिवसांत कोरा चहा पिऊन शेतात उतरलेल्या बाईचे दुपारी डोके उठते, त्यात कुणाची नजर लागलेली नसते. घरून निघताना अर्धी भाकरी खाणे आणि मधूनमधून पाणी पिणे हा खरा उपाय आहे. सुंठेचा लेप लावायला माझी हरकत नाही. कपाळावर बिब्बा घालणे किंवा डाग देणे मात्र कृपा करून थांबवा. कातडी भाजते, डोके तसेच राहते.

आता गोळी. पॅरासिटामॉल चांगले औषध आहे. मोठ्या माणसाने दुखणे सुरू होताच 500 ते 1000 मिलिग्रॅम घ्यावे. अर्धशिशीत पोटाचे काम मंदावते, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. दिवसभरात 4000 मिलिग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. दारू पिणाऱ्याने किंवा फार अशक्त माणसाने याहून कमी, तेही डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेन उपाशीपोटी नको, गरोदरपणात तर नकोच.

पण साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली की ती गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. एकाच गोळीत दोन-तीन औषधे मिसळलेली असतील तर महिन्याला 10 दिवसही पुरतात. गोळी उतरली की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. सोडल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडाभर, दुखणे वाढते आणि बहीण पुन्हा दुकान गाठते. म्हणून हे डॉक्टरांना सांगून करावे. वारंवार येणारी अर्धशिशी रोखण्यासाठी प्रोप्रानोलोल, अमिट्रिप्टिलिन अशी स्वस्त औषधे आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि प्रोप्रानोलोल दमेकऱ्यांना चालत नाही, तेव्हा शेजारणीची पट्टी उसनी आणू नये. ज्यांना चमकत्या रेघा दिसतात त्यांनी माला-एनसारखी गर्भनिरोधक गोळी घेण्यापूर्वी ते नर्सबाईंना सांगावे. अशा स्त्रियांत या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो.

2 राजे, अध्याय 4 मधला शूनेमचा मुलगा तुम्हाला आठवत असेल. कापणीच्या शेतात बापाजवळ त्याचे डोके दुखू लागले, त्याला आईकडे पोचवले आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. सभेत हा भाग वाचला की बायका घाबरून विचारतात, डोकेदुखीने माणूस मरतो काय? बहुतेक डोकेदुखीने नाही. पण एकाएकी, आजवर कधी दुखले नाही इतके भयंकर दुखले, तापाबरोबर मान ताठली, एक हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, झटका आला, डोक्यावर पडल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, उन्हात काम करताना अंग तापून भान हरपले, तर घरी थांबू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवावी. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईचे डोके जोरात दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोंड-हात सुजतात, तेव्हा रक्तदाब ताबडतोब तपासला पाहिजे. 140/90 किंवा वर असेल तर तो आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ आहे. 108 ला फोन करा. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

थंडीत दार लावून, पेटती शेगडी जवळ ठेवून झोपलेल्या घरात सकाळी सगळ्यांचेच डोके दुखत असेल, तर तो कोळशाचा विषारी वायू आहे. त्याला वास नसतो. सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि मग दवाखान्यात न्या.

एवढे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही, नीट विचारणारे माणूस लागते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना, त्यात निरक्षरही होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आपल्या वाड्यांवर आशाताई आहेत. त्यांना सांगताना अंदाजाने सांगू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखले त्या दिवशी एक फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी एक गोल काढा. पेन नसेल तर कोळशाने. लिहिता येत नसले तरी चालेल. दोन महिन्यांनी ते पान फाडून राजूरच्या किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात सोबत न्या. गोल पंधराच्या जवळ गेले असतील तर दोन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात जा.