पहिल्या सुरीचं पाणी

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही हातोड्याने पाती घडवणाऱ्यांची संस्था. बिल मोरान यांनी काही साथीदारांसह ती 1976 मध्ये स्थापन केली. तिच्यात पहिली पायरी चढायची तर स्वतः घडवलेलं पातं घेऊन चाचणीला उभं राहावं लागतं. मोकळा लोंबणारा इंचभर जाडीचा दोर आधी एका घावात तोडायचा. मग त्याच पात्याने लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची. एवढं झाल्यावरही धार इतकी शाबूत हवी की हातावरची लव सहज उतरली पाहिजे. शेवटी पातं व्हाइसमध्ये आवळून काटकोनात वाकवतात. तुकडा पडला की उमेदवार नापास.

लाकूड तोडून धार टिकायची तर पोलाद कठीण हवं. वाकून न मोडायचं तर ते चिवट हवं. कठीणपणा वाढला की चिवटपणा घटतो, हा पोलादाचा स्वभाव आहे. दोहोंचा मेळ बसतो तो पातं किती तापवलं, कशात बुडवलं आणि नंतर पुन्हा किती शेकलं यावर. आपल्याकडचे लोहार याला पाणी देणं म्हणतात. घरी पहिली सुरी करायला बसणाऱ्याचं निम्म्याहून अधिक लक्ष इथे हवं, आणि बहुतेकांचं ते इथेच कमी पडतं.

त्यात नवल नाही. ‘फोर्ज्ड इन फायर’सारख्या 2015 पासूनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी जगभर ही हौस पसरवली, आणि पडद्यावर शोभून दिसतात ते घणाचे घाव आणि उडणाऱ्या ठिणग्या. मग नवशिका आधी ऐरणीच्या शोधाला लागतो. माझं मत असं की पहिल्या सुरीला ऐरण लागत नाही. पोलादाची सपाट पट्टी घ्यावी, तिच्यावर आकार आखावा, करवतीने कापावा आणि कानशीने घासून पातं उतरवावं. ही काही पळवाट नव्हे. गेल्या शतकातले अतिशय नावाजलेले अमेरिकी चाकूकार बॉब लव्हलेस यांचं नाव पट्टी कापून-घासून केलेल्या कामावरच झालं. ठोकून घडवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकायला आयुष्य पुरत नाही. ती आणि पाणी देणं अशा दोन विद्या एकदम अंगावर घेतल्या की पातं बिघडल्यावर दोष कशाचा, हेच कळत नाही.

आता पट्टी कुठली घ्यायची? भंगाराच्या दुकानात लोखंडाचा ढीग असतो आणि त्यातलं बरंचसं सुरीच्या कामाचं नसतं. बांधकामाच्या सळईत कार्बन जास्तीत जास्त 0.3 टक्क्यांच्या आसपास असतो. ती कितीही तापवून बुडवली तरी धार धरण्याइतकी कठीण होत नाही. साध्या पत्र्या-अँगलचंही तेच. सुरीला साधारण 0.6 ते 1 टक्का कार्बन लागतो. ट्रकच्या कमानपाट्यात तो 0.5 ते 0.65 टक्के असतो. म्हणूनच कोयते, कुऱ्हाडी आणि विळे करायला लोहार जुना पाटा पसंत करतात. चांगल्या जातीच्या जुन्या कानशीत तो 1 टक्क्याहून थोडा वर जातो. ती राखेत पुरून सावकाश थंड होऊ दिली की मऊ पडते आणि दुसऱ्या कानशीने कापता येते. स्वस्त कानशी मात्र अनेकदा वरवरच कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड निघतं.

भंगारातल्या पोलादाची खरी अडचण अशी की त्याचं कूळ ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं ट्रकखाली हादरे खाल्लेल्या पाट्यात केसासारख्या बारीक भेगा दडलेल्या असू शकतात, आणि त्या दिसतात पातं पूर्ण होत आल्यावर. लोहाराचा हात आणि कान अनुभवाने तयार झालेले असतात, त्याला भंगार चालतं. नवशिक्याने मात्र पहिल्या खेपेला पैसे मोजून ओळखीचं पोलाद घ्यावं. परदेशात नवशिक्यांना 1084 नावाचं पोलाद सुचवतात, तो सल्ला रास्त आहे. त्यात सुमारे 0.84 टक्के कार्बन आणि थोडं मँगनीज, बाकी लोखंड. मिश्रण साधं असल्यामुळे ते साध्या भट्टीतही समजून घेता येतं. स्टेनलेसच्या वाटेला पहिल्यांदा जाऊच नये. त्याला 1,000 अंशांच्या वरचं, नेमकं राखलेलं तापमान लागतं, आणि ते घरच्या विटांच्या भट्टीत होत नाही.

आकाराबद्दल थोडक्यात. पातं पाच-सहा इंची, पाठ दोन-तीन मिलिमीटर जाड, स्वयंपाकघरात रोज हाताशी लागेल असं असावं. आधी पुठ्ठ्यावर कापून हातात धरून पाहावं. धारेच्या कडेला मार्कर फासून, पट्टीच्या जाडीएवढ्याच ड्रिल बिटच्या टोकाने कडेवर रेघ ओढली की मध्य आपोआप सापडतो. दोन्ही बाजूंनी त्या रेघेपर्यंत घासत यायचं. पण धार या टप्प्यावर काढायची नाही, कडेला मिलिमीटरभर जाडी राखायची, कारण पातळ कड तेलात पडताच वाकते किंवा तडकते. मुठीच्या रिवेटांची भोकंही आधीच पाडून घ्यावीत, नंतर ड्रिल चालणार नाही. पातं जिथे मुठीला मिळतं तिथला कोपरा गोल ठेवावा, कारण काटकोनी खाचेतूनच भेग सुरू होते. कानशीच्या आडव्या ओरखड्यांनाही हेच लागू, म्हणून पॉलिश पेपरने ते लांबीच्या दिशेने घासून काढावेत.

आणि मग आग. विटा रचून, बाभळीचा कोळसा आणि पंखा, नाहीतर गॅसचा बर्नर, एवढ्यावर लहान पात्याचं काम भागतं. वेळ संध्याकाळची निवडावी. उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही आणि हमखास जास्त तापतं. 727 अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादाची आतली रचना बदलू लागते आणि कार्बन लोखंडात विरघळतो. जवळ तारेला बांधलेलं चुंबक ठेवावं. साधारण 770 अंशांना ते पात्याला चिकटणं सोडतं. त्याहून थोडं वर, सुमारे 815 अंशांपर्यंत, 1084 चं पातं न्यायचं, काही मिनिटं तिथे स्थिर राखायचं आणि ताबडतोब बुडवायचं.

अंधारात नीट पाहणाऱ्याला चुंबकाआधीच एक खूण दिसते. लाल झालेल्या पात्यावरून एक काळसर सावली सरकत जाते. त्या क्षणी पोलाद आलेली उष्णता रचना बदलण्यासाठी गिळत असतं, म्हणून तिथला रंग मंदावतो. सावली पात्यावरून पूर्ण निघून गेली आणि रंग एकसारखा झाला की पोलाद तयार झालं. लोहारकामातलं इतकं सुंदर दृश्य दुसरं नाही, आणि ते पाहायला एकही महागडं यंत्र लागत नाही.

बुडवायचं कशात? पाणी फार जलद थंड करतं, पातळ पात्याला तडा जाण्याचा धोका मोठा. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल पुरतं, पण ते 50 अंशांच्या आसपास कोमट करून घ्यायचं. कोमट तेल पातळ होतं, पात्याभोवती नीट फिरतं आणि थंड तेलापेक्षा उष्णता लवकर ओढतं. जळकं इंजिन ऑइल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो. 1084 ला 815 अंशांवरून 540 च्या खाली यायला एखाद-दुसऱ्या सेकंदाहून अधिक वेळ लागला तर ते पुरतं कठीण होत नाही. म्हणून तेलाचा डबा भट्टीला लागून हवा. पातं शेंडा खाली करून सरळ आत न्यायचं, धार आणि पाठ या दिशेने हलवायचं. डावं-उजवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकडं होतं.

बाहेर काढून धारेवर जुनी कानस फिरवावी. पाणी बसलं असेल तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. कानशीचे दात धरले तर रंग ओळखण्यात चूक झाली, पुन्हा तापवायचं. पण हे कठीण पातं अजून सुरी झालेलं नाही. या अवस्थेत ते फरशीवर पडलं तर तुकडे होतील. तासाभराच्या आत ते 200 अंशांना दोन तास शेकायचं, थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा दोन तास शेकायचं. घरचा ओटीजी चालतो, मात्र त्याच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बरंच अंतर असू शकतं, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवावा. घासून चकाकवलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग चढला की काम झालं. निळा आला तर 300 च्या घरात गेलं आणि धार मऊ पडली.

हे रंग आपल्याकडच्या लोहाराला तापमापकाशिवाय वाचता येतात. छिन्नीला पाणी देताना तो फक्त टोक बुडवतो, मागच्या भागात उष्णता शिल्लक ठेवतो, टोक घासून उजळतो आणि मागून पुढे सरकत येणारे पिवळे, तांबूस, जांभळे पट्टे पाहत थांबतो. हवा तो रंग टोकावर आला की सगळी छिन्नी विझवतो. एकाच तापवणीत कठीण करणं आणि शेकणं दोन्ही. गावगाड्यात लोहार बलुतेदार होता, आणि गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या घिसाड्यांच्या पालासमोर लोक विळे-कुऱ्हाडी शेवटून घ्यायला रांग लावत. घिसाड्यांमध्ये घण मारायचं काम बायका करतात. अंगातली ताकद आणि नेम दोन्ही लागतं अशा या कामाची म्हणावी तशी कदर कधी झाली नाही.

आगीवरची ही नजर किती मोलाची, याचा दाखला दख्खनच्याच इतिहासात आहे. मुशीत वितळवून केलेलं इथलं वूट्झ पोलाद जगभर जात होतं. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नावाजलेलं ठिकाण. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, आणि पुढे मायकेल फॅरेडे यांनी जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. वूट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे. नेहमीच्या लोखंडाइतकं तापवून त्यावर हातोडा घातला की ते हाताखाली चुरा होई. मंद आगीवर मात्र तेच घडवता येई. पोलाद तेच, फरक आगीचा.

शेकून झालं की धार काढायची. इथून पुढे पातं तापू द्यायचं नाही. ग्राइंडर वापरत असाल तर दर फेरीला पाण्यात बुडवा, बोटाला चटका बसला म्हणजे उशीर झाला. धारेवर निळी छटा आली की तिथलं पाणी उतरलं. दगडावर प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंशांचा कोन धरून धार लावली की ती पितळी सळईवर हलकेच दाबून पाहावी. दाबाने थोडी वाकून परत सरळ झाली तर पाणी नेमकं बसलं. वाकलेलीच राहिली तर मऊ, कपची उडाली तर फार कठीण. मूठ सागाची, शिसवाची, बाभळीची कशाचीही करावी, फक्त लाकूड पुरतं वाळलेलं हवं.

अशी सुरी कैरी किंवा टोमॅटो चिरताच काळवंडेल. घाबरू नये, ते कार्बन पोलादाचं लक्षण आहे. लगेच पुसून तेलाचा हात फिरवला की गंज धरत नाही.

कामाला बसताना चष्मा आणि मास्क हवाच, अंगावर सुती कपडे, तेलाचा डबा लोखंडी आणि त्याला झाकण. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नये, त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती येतात. घरगुती आणि शेतीच्या वापराची त्यातून वगळली आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातली लहान सुरी हाच शहाणपणाचा आरंभ.

आणि भट्टी पेटवण्याआधी एक दिवस जवळच्या लोहाराकडे जाऊन बसा. त्याच्या कामाचा खोळंबा होईल, त्याची मजुरी द्या, आणि तो पातं आगीतून कधी उचलतो तेवढंच पाहा.