उपकाराचं ओझं नको, कृतज्ञतेची सवय हवी



वस्तीत बीपी तपासायला बसलं की एक तक्रार हमखास येते: "ताई, रात्री डोळा लागत नाही, डोक्यात विचार फिरत राहतात." पाणी, घरभाडं, मुलांची फी, या काळज्या खऱ्याच आहेत. पण मन वाईट गोष्ट घट्ट धरून ठेवतं आणि चांगली लगेच सोडून देतं. म्हणून चांगलं मुद्दाम आठवावं लागतं.

महामंगल सुत्तात 'कतञ्ञुता', म्हणजे कृतज्ञता, मंगल मानली आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांचा २००३ सालचा अभ्यासही हेच सुचवतो. आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटावं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिणारी माणसं कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी होती. त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या.

घरी काय करावं?

१. झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवा. "सगळं बरं चाललंय" असं मोघम नको. "शेजारच्या मावशींनी माझा हंडा भरून ठेवला" असं नेमकं हवं. वहीत लिहा, नाहीतर मुलांना सांगा आणि त्यांच्याही तीन ऐका.

२. पहिल्या घासाआधी क्षणभर थांबा. शेतात राबणाऱ्यापासून चुलीपुढे बसलेल्या बाईपर्यंत सगळ्यांचे कष्ट आठवा.

३. मनातलं बोलून दाखवा. आशाताई, गटार साफ करणारे दादा, पहाटे डबा करणारी सून यांना, त्यांनी काय केलं ते सांगून धन्यवाद द्या.

४. मिळालेलं पुढे द्या. कुणी तुमच्यासोबत दवाखान्यात आलं होतं, तर तुम्ही दुसऱ्या कुणासोबत जा.

मात्र कृतज्ञतेलाही मर्यादा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आयरिश नेते डॅनियल ओ'कॉनेल यांचा दाखला देऊन बजावलं होतं की, स्वाभिमान गमावून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही. नवरा "पोसतो" म्हणून मार सहन करणं, मालक "काम देतो" म्हणून बुडालेल्या मजुरीवर गप्प बसणं, ही लाचारी झाली. मारहाण होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. रेशन, लस, सरकारी दवाखान्यातली औषधं हा आपला हक्क आहे. नीट वागवणाऱ्या सिस्टरचे आभार जरूर माना, पण ताठ मानेने.

या सवयीमुळे बीपीची गोळी बंद करू नका. दोन आठवडे सतत उदास वाटलं, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नको वाटलं तर एक दिवसही थांबू नका. घरच्यांना सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.