मोडलेली मान आणि मदतीचे हात

अपघातग्रस्त डोळे उघडतो, बोलतो. म्हणून जमलेले लोक त्याला काखेत धरून उठवितात, रिक्षात बसवितात. ही सद्भावना घातक ठरू शकते. दृष्टी, वाचा, मुद्रा यांचा कारभार थेट मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांकडे असतो. मान मोडली तरी तो चालू राहतो. हातापायांना मिळणारे आदेश मात्र जेमतेम करंगळीएवढ्या जाड मज्जारज्जूतून जातात. मोडलेला मणका सरकला की हा रज्जू चिरडला जातो, आणि तेथे तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदतकर्त्यास संरक्षण दिले. मदत कशी करावी, हे कायदा शिकवीत नाही. आगीसारखा धोका नसेल, तर डोके व मान स्थिर धरून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची वाट पाहणे, हीच खरी तत्परता होय.