अंतर्गत व्यक्तींची समभागविक्री (खाण कंपन्या)

अंतर्गत व्यक्तींची समभागविक्री म्हणजे कंपनीचे प्रवर्तक, संचालक, वरिष्ठ अधिकारी यांनी त्याच कंपनीचे आपल्याकडील समभाग विकणे होय. अशी विक्री मुळात बेकायदेशीर नाही. मात्र किमतीवर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती हाती असताना व्यवहार करणे हा भारतात गुन्हा आहे.

किमतीवरील परिणाम

हा परिणाम दोन प्रकारे होतो. बाजारात समभागांचा पुरवठा वाढतो, आणि ‘आतल्यांचाच विश्वास उडाला’ असा संकेत जातो. लहान खाण कंपन्यांत दोन्ही परिणाम तीव्र असतात. त्यांचे थोडेच समभाग रोज हातोहात फिरतात. त्यामुळे मध्यम आकाराची विक्रीही भाव खाली आणते. शिवाय अशा कंपनीचे मूल्य जमिनीखालच्या, अजून न काढलेल्या साठ्याच्या अंदाजावर उभे असते. वेधन आणि नमुना-परीक्षणाचे निष्कर्ष प्रथम अधिकाऱ्यांना कळतात, भागधारकांना नंतर. तरीही प्रत्येक विक्री अशुभसूचक नसते. करभरणा, कर्जफेड, घरखर्च अशीही कारणे असतात.

उदाहरणे

कॅनडातील कॅलगरी येथील ब्रे-एक्स या छोट्या कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे प्रचंड सुवर्णसाठा असल्याचे जाहीर केले. १९९६ मध्ये मुख्य भूवैज्ञानिक जॉन फेल्डरहॉफ यांनी सुमारे ८.४ कोटी कॅनेडियन डॉलरचे समभाग विकले. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे मे १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत उघड झाले आणि समभाग कवडीमोल ठरले. फेल्डरहॉफ २००७ मध्ये न्यायालयात निर्दोष सुटले. भागधारकांचे पैसे मात्र बुडाले.

नागपूरच्या मॉइल या मँगनीज खाण कंपनीचे उदाहरण वेगळे आहे. डिसेंबर २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या प्रवर्तक सरकारांनी मिळून २० टक्के भागभांडवल प्रतिसमभाग ३७५ रुपये दराने विकले. रक्कम सरकारांकडे गेली, कंपनीकडे नाही. जानेवारी २०१७ मध्ये केंद्राने ३६५ रुपये किमान दराने आणखी १० टक्के हिस्सा विक्रीस काढला. विक्री पूर्वघोषित होती आणि तिचा हेतू निर्गुंतवणुकीचा होता. त्यामुळे तीत गुप्त माहितीचा संकेत नव्हता, केवळ वाढीव पुरवठ्याचा भार होता.

भारतातील नियमन

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाचे (सेबी) यासंबंधीचे नियम २०१५ पासून लागू आहेत. एका तिमाहीत दहा लाख रुपयांहून अधिक व्यवहार केल्यास प्रवर्तक, संचालक व नियुक्त व्यक्तींनी दोन व्यवहार-दिवसांत कंपनीला कळवावे लागते. कंपनी ते शेअर बाजाराला कळवते. तिमाहीअखेरीपासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत त्यांना व्यवहार करता येत नाही. नियमभंगाबद्दल २५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी अधिक असेल त्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो.

हे तपशील शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर सर्वांना विनामूल्य पाहता येतात. विक्री कोणी केली, किती केली आणि त्याच्याकडे किती समभाग उरले, या तीन बाबींवरून सामान्य भागधारकाला तिचा अर्थ लावता येतो.