विनोदवीराचा ब्लॉग, संसदेतला पक्ष

१९८६ साली इटलीच्या सरकारी टीव्हीवर बेप्पे ग्रिल्लो या विनोदवीराने पंतप्रधान क्राक्सींच्या समाजवादी पक्षाला चिमटा काढला: चीनमध्ये सगळेच समाजवादी, मग हे चोरी कुणाकडे करतात? टीव्हीची दारं त्याला जवळजवळ बंदच झाली. तो नाट्यगृहांत रमला आणि २००५ मध्ये इंटरनेट व्यावसायिक जानरोबेर्तो कासालेज्जो यांच्या मदतीने त्याने ब्लॉग सुरू केला. वाचक नुसते हसून थांबले नाहीत, गावोगावी भेटू लागले. ८ सप्टेंबर २००७ ला ते चौकाचौकांत जमले. त्या दिवसाचं नाव चक्क एका शिवीवरून ठेवलं होतं! मागण्या मात्र गंभीर: गुन्हा सिद्ध झालेल्यांना खासदारकी नको, दोनपेक्षा अधिक वेळा कुणीच नको. २००९ मध्ये यातूनच ‘फाइव्ह स्टार मूव्हमेंट’ निघाली, २०१३ च्या निवडणुकीत तिला सुमारे २५ टक्के मतं पडली. ग्रिल्लो स्वतः उभा राहिला नाही. जुन्या मोटार अपघाताच्या खटल्यात तो दोषी ठरला होता, त्यामुळे नियम त्यालाही लागू. उमेदवार सदस्यांनी ऑनलाइन मतदानाने निवडले खरे, पण पक्षाचं चिन्ह ग्रिल्लोच्या मालकीचं आणि संकेतस्थळ कासालेज्जोंच्या कंपनीच्या हाती होतं. विरोधात बोलणाऱ्या काही खासदारांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला, तेव्हा या मालकीचा अर्थ त्यांना चांगलाच कळला.